पुढच्यास ठेच

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना विमानाच्या आवाजाचे नवल कधीच सरले. १९८५ साली महाराजपूरच्या वायुसेना तळावर मिराज विमाने आली. तेव्हापासून लष्कर आणि मुरार येथील गच्च्यांवर कुरडया वाळत घालणाऱ्या आमच्या माताभगिनी त्या गडगडाटाला इतक्या सरावल्या आहेत की, आवाज आला म्हणून कोणी मान वर करीत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत एक फरक पडला आहे. विमान आता केवळ डोक्यावरून जात नाही, ते घरात शिरले आहे. कोणाचा नातू राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत आहे, कोणाची भाची विमानांच्या प्रतिकृती उडविणाऱ्या हौशी मंडळात जाते. २०२२ च्या मार्च महिन्यात येथील माधव अभियांत्रिकी संस्थेत ड्रोन-शाळा सुरू झाली, तेव्हापासून तर ‘उडविणे’ हा शब्द आमच्या मुलांच्या तोंडी पतंगापुरता उरलेला नाही.

अशा वेळी आईवडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, ‘हे सुरक्षित आहे ना?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नेहमी ‘हो, अगदी!’ असेच मिळते, आणि त्या उत्तरातून काहीच कळत नाही. आमच्या मते विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ‘तुमच्या मंडळात एखाद्याची चूक झाली, तर ती त्याला चारचौघांत सांगता येते का?’ असे विचारावे. ह्या प्रश्नाचे उत्तर चाचरत आले, तर तेथे कितीही नवी विमाने आणि कितीही चकचकीत गणवेश असोत, आपण सावध व्हावे. असे आम्ही का म्हणतो, ते थोडे विस्ताराने सांगतो.

हौशी आणि स्वयंसेवी उड्डाणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९२८ साली दिल्ली आणि मुंबई येथे फ्लाइंग क्लब निघाले. जे. आर. डी. टाटा ह्यांना १९२९ च्या फेब्रुवारीत वैमानिकाचा परवाना मिळाला, तोही क्लबात शिकूनच. म्हणजे भारतातील विमानोड्डाणाचा पाया हौशी मंडळींनी घातला, असे म्हणावयास हरकत नाही. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली आणि तिची हवाई शाखा १९५० साली. त्या शाखेतील मुलांनी पूर्वी ग्लायडर आणि पुढे मायक्रोलाइट विमाने ह्यांवर आकाशाची ओळख करून घेतली. परदेशांतही हाच प्रकार. अमेरिकेत १९४१ च्या डिसेंबरात सिव्हिल एअर पेट्रोल हे नागरी स्वयंसेवकांचे दल उभे राहिले, ते आजही काम करीत आहे.

परंतु स्वयंसेवी मंडळ आणि विमान कंपनी ह्यांत एक मूलभूत भेद आहे. कंपनीत पगार असतो, म्हणून हुकूम चालतो. वायुसेनेत शिस्त असते, म्हणून आज्ञा चालते. स्वयंसेवी मंडळात माणूस रविवारची झोप मोडून, स्वतःच्या खिशाला खार लावून येतो. त्याला दरडावून बोलले, तर तो पुढच्या रविवारी येणार नाही. म्हणून अशा मंडळात सुरक्षितता हुकमाने येत नाही. ती परस्परांच्या विश्वासाने येते. विश्वास ह्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की, घडलेली गोष्ट जशीच्या तशी सांगता आली पाहिजे.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिच्यात एक अट दडलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. पुढच्याला ठेच लागली, हे मागच्याला दिसले पाहिजे! रस्त्यावर ते दिसते. आकाशात दिसत नाही. तेथे पुढच्याने तोंड उघडून सांगितले, तरच मागचा शहाणा होईल.

ह्याचे एक हृदयद्रावक उदाहरण आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे निघालेले टी.डब्ल्यू.ए. कंपनीचे विमान व्हर्जिनियातील माउंट वेदर ह्या डोंगरावर आदळले आणि आतील ९२ ही माणसे दगावली. उंची कोठवर कमी करावयाची, ह्याविषयी नियंत्रक आणि वैमानिक ह्यांची समजूत निरनिराळी होती. पुढे चौकशीत उघडकीस आले की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान ह्याच गैरसमजामुळे ह्याच डोंगरापासून थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी ती गोष्ट आपल्या कंपनीला कळविली होती, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. पण ती सूचना कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. पुढच्यास ठेच लागली होती, त्याने ती सांगितलीही होती. मागच्याच्या कानी मात्र ती पोहोचली नाही.

ह्या अपघातातून १९७६ साली एक नवी व्यवस्था जन्माला आली. वैमानिकाने, नियंत्रकाने किंवा तंत्रज्ञाने आपली चूक वा थोडक्यात टळलेला प्रसंग कळवावा. तो कळवावयाचा मात्र दंड करणाऱ्या खात्याला नव्हे, तर ‘नासा’ ह्या त्रयस्थ संस्थेला. ती संस्था नावगाव काढून टाकते आणि त्यातला बोध सर्वांना कळविते. मुद्दाम केलेला नियमभंग किंवा गुन्हा नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळविले असेल, तर कळविणाऱ्याला दंडातून सवलत मिळते. चूक सांगणाऱ्याला अभय दिले की माणसे बोलू लागतात, हे ह्या व्यवस्थेने दाखवून दिले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने सुरक्षा-व्यवस्थापनासाठी स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारले, त्यातही हे तत्त्व आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. विमान अपघाताचे दुःख ग्वाल्हेरला नवे नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला निघालेले माधवराव शिंदे उत्तर प्रदेशातील मैनपुरीजवळ विमान कोसळून गेले. विमानातील आठही जण दगावले. त्या दिवशी ह्या शहरात कितीतरी घरी चूल पेटली नाही. हेच माधवराव नागरी विमान वाहतूक मंत्री असताना १९९३ च्या जानेवारीत भाड्याने घेतलेले एक तुपोलेव्ह विमान दिल्लीत उतरताना कोसळले. त्यात कोणीही दगावले नाही, तरी त्यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून मंत्रिपद सोडले. त्यांचे ते करणे थोर होते. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. जबाबदारी घेणे आणि कारण शोधणे ही दोन निराळी कामे आहेत. खुर्ची रिकामी झाल्याने धावपट्टीवरचा दोष दूर होत नाही. तो कोणीतरी शांतपणे बसून शोधावा लागतो.

६ मे २०२१ ची रात्र आठवा. करोनाच्या भयंकर दिवसांत रेमडेसिविरची इंजेक्शने घेऊन राज्य शासनाचे छोटे विमान ग्वाल्हेरला उतरत होते, ते धावपट्टीवरच्या अरेस्टर बॅरिअरवर आदळले. लढाऊ विमान धावपट्टी सोडून पुढे जाऊ लागले, तर त्याला अडविण्यासाठी उभे करावयाचे हे जाळे असते. विमानातील तिघे जखमी झाले, विमान निकामी झाले. पुढे वैमानिकाचा परवाना वर्षभर स्थगित झाला, आणि २०२२ साली शासनाने त्याच्याकडे सुमारे ८५ कोटी रुपयांची मागणी केल्याचे वृत्त आले. जाळे उभे असल्याचे आपल्याला सांगितले नव्हते, असे वैमानिकाचे म्हणणे होते. कोणाचा दोष किती, हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण आम्हांला एक शंका पडते. एखाद्या हौशी मंडळातील विशीच्या मुलाने ही बातमी वाचली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून यंत्राला एवढासा पोचा आला, तर तो मुलगा ते सांगावयास पुढे येईल काय?

२८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली सुखोई आणि मिराज अशी दोन विमाने मुरैना जिल्ह्याच्या आकाशात कोसळली. सुखोईतील दोघे वैमानिक बाहेर पडू शकले. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंत राव सारथी मात्र गेले. ते बेळगावचे. इतक्या निष्णात लोकांवरही असा प्रसंग येतो, तर रविवारच्या हौशी उडविणाऱ्याने किती जपावयास हवे!

आपल्या समाजाची एक खोड येथे आड येते, ती बोलून दाखविली पाहिजे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आपले आवडते सूत्र. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या लहान समाजात तर ते अधिकच. येथे सगळे सगळ्यांना ओळखतात. सकाळी मुलाच्या हातून काही घडले, तर संध्याकाळी मंडळाच्या हळदीकुंकवात त्याची चर्चा होते, आणि चार वर्षांनी स्थळ सांगून आले की कोणीतरी ती गोष्ट उकरून काढते. मग मूठ झाकलेली राहते. संसारात ह्या सूत्राने पुष्कळ घरे सावरली असतील. उड्डाणात मात्र झाकलेली मूठ सव्वा लाखाची नसते, ती कोणाच्या तरी जिवाची असते.

म्हणून स्वयंसेवी मंडळात सुरक्षिततेचा कार्यक्रम चालवावयाचा तर आरंभ एका साध्या नोंदवहीपासून करावा. तीत अपघात लिहावयाचे नाहीत; न घडलेले अपघात लिहावयाचे. काय घडत होते, कशामुळे घडत होते, आणि कशामुळे टळले, एवढ्या तीन ओळी पुरेत. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. वही अध्यक्षांच्या ताब्यात नसावी, मुख्य प्रशिक्षकाच्याही नसावी. ज्याच्यापाशी माणसे मन मोकळे करतात अशा एखाद्या शांत, पोटात गोष्ट ठेवणाऱ्या सभासदाकडे ती द्यावी. त्याला सुरक्षा-अधिकारी म्हणावे. महिन्याच्या सभेत नावे वगळून त्या नोंदी वाचून दाखवाव्या, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘आपण काय केले’ हे लिहावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या वहीला उत्तर मिळत नाही, तिच्यात दोन महिन्यांनी कोणी लिहीत नाही.

दुसरे साधन म्हणजे तपासणी-यादी. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे नवे चार इंजिनांचे विमान चाचणीसाठी उडाले आणि क्षणात कोसळले. वैमानिक अननुभवी नव्हता. जमिनीवर असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून विमानाच्या शेपटीकडील पृष्ठांना कुलूप घातलेले असते, ते काढावयाचे राहून गेले होते. विमान एका माणसाच्या स्मरणशक्तीला झेपण्याइतके सोपे उरलेले नाही, हे त्या दिवशी कळले, आणि कागदावरची यादी वाचून उडण्याची रीत रूढ झाली. यादी ही नवशिक्याची कुबडी आहे, असे समजणारा माणूसच मंडळात सर्वांत धोक्याचा. आमच्या घरातील सुगरणी दिवाळीच्या सामानाची यादी करतात, ती त्यांना चिवडा येत नाही म्हणून नव्हे!

यंत्राची यादी असते, तशी उडविणाऱ्याचीही असावी. आज बरे वाटत आहे का, काही औषध घेतले आहे का, मनावर काही ताण आहे का, मद्य घेतलेले नाही ना, झोप झाली आहे का, पोटात अन्न आहे का? हे सहा प्रश्न स्वतःला विचारावयास अर्धा मिनिट लागतो. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी मे महिन्याच्या उन्हात उभे राहणाऱ्या आपल्या मुलांना शेवटचा प्रश्न विशेष लागू आहे.

तिसरी गोष्ट हवामानाची मर्यादा. ती आदल्या दिवशी, डोके थंड असताना, लिहून ठेवावी. ग्वाल्हेरची हवा तिन्ही ऋतूंत परीक्षा पाहते. जानेवारीत धुके इतके दाट की समोरचे झाड दिसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा हवा विरळ होऊन पंखाला पुरेसा आधार देत नाही, इंजिनाचाही जोर घटतो, आणि उड्डाणासाठी धाव लांबते. पावसाळ्याआधी धुळीची आंधी येते, ती सांगून येत नाही. खरी कसोटी मात्र हवेची नसते, मांडवाची असते. प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम आहे, प्रमुख पाहुणे येऊन बसले आहेत, हारतुरे झाले आहेत, आणि मैदानावर धुके आहे. अशा वेळी ‘आज उड्डाण होणार नाही’ हे शब्द उच्चारणारा सभासद कित्येकदा मंडळाचा अपराधी ठरतो. वास्तविक त्याच दिवशी त्याला श्रीफळ द्यावयास हवे. हुशार वैमानिक तो नव्हे जो अवघड हवेत उतरून दाखवितो; तो, जो वेळीच परत फिरतो.

चौथी गोष्ट मानापमानाची. आपल्या मंडळांत वडीलधाऱ्यांचा आदर आहे, तो राहावाच. पण निवृत्त अधिकारी असलेले काका यंत्राची तपासणी न करता निघाले, तर सोळा वर्षांच्या मुलीला ‘काका, थांबा’ असे म्हणता आले पाहिजे, आणि काकांनी ‘थांबलो, बेटा; काय राहिले?’ असे विचारले पाहिजे. तिची शंका चुकीची निघाली, तरी कोणी हसू नये. एकदा हसलात, तर दुसऱ्यांदा ती बोलणार नाही, आणि नेमके त्या दुसऱ्या वेळी तिचे खरे असेल.

आता कोणी विचारील की, असे सर्वांना अभय दिले तर शिस्त ती काय राहिली? शंका योग्य आहे. चूक आणि बेफिकिरी ह्यांत आम्ही भेद करतो. विसरणे, गैरसमज होणे, अंदाज हुकणे ह्या चुका. त्या सांगणाऱ्याचे आभार मानावे. दारू पिऊन येणे, गर्दीवर मुद्दाम झेप घेऊन दाखविणे, बंदी असलेल्या भागात जाणून उडविणे, घडलेले दडविणे ही बेफिकिरी. तिला क्षमा नाही, मग तो देणगीदाराचा मुलगा का असेना. ही रेषा वर्षाच्या आरंभीच सर्वांसमोर वाचून दाखवावी, म्हणजे मागाहून तोंड पाहून न्याय होत नाही.

ड्रोनच्या बाबतीत २०२१ च्या ड्रोन नियमांनी नकाशाच आखून दिला आहे. कार्यरत विमानतळाच्या परिघापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून उडविता येत नाही; ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, आणि त्यापलीकडच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. ग्वाल्हेर हे वायुसेनेचे गाव. शहराचा बराच भाग महाराजपूरच्या जवळ येतो, म्हणून लग्नाच्या चित्रीकरणासाठी गच्चीवरून ड्रोन सोडण्यापूर्वी तो नकाशा पाहणे हे यजमानाचेही काम आहे.

आणि जे कधीच काही उडविणार नाहीत, त्यांचे काय? तेही ह्या कार्यक्रमाचे सभासदच आहेत. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा, घाण टाकू नये, असा निर्बंध १९३७ च्या विमान नियमांत आहे. त्याचे कारण साधे: उकिरड्यावर घारी येतात, आणि उतरत्या विमानाच्या इंजिनात एक घार शिरली तरी अनर्थ ओढवतो. मिरवणुकीत आकाशाकडे लेझर सोडल्याने उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे ऐन क्षणी दिपतात. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या परिसरात पोलिसांनी २०२४ साली त्यावर बंदी घातली. आमच्या गणेशोत्सव मंडळांनी बंदीची वाट न पाहता हा मोह आवरावा, अशी आमची विनंती आहे.

तेव्हा मुलाला किंवा मुलीला हौशी मंडळात पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. न घडलेल्या अपघातांची वही आहे का? तीत शेवटची नोंद केव्हा झाली? आणि अलीकडे हवामानामुळे कार्यक्रम केव्हा रद्द केला होता? वही कोरी असेल, आणि कार्यक्रम कधीच रद्द झाला नसेल, तर ‘आमच्याकडे आजवर काहीच झाले नाही’ ह्या वाक्याने समाधान मानू नये. काहीच झाले नाही, की काहीच सांगितले नाही, हे कोऱ्या वहीवरून कळत नाही.

हे घरापासूनही आरंभिता येईल. मुलगा मैदानावरून आला आणि म्हणाला, ‘आई, आज थोडक्यात वाचलो,’ तर लगेच ‘उद्यापासून जायचे नाही’ असे म्हणू नये. आधी पाणी द्यावे, आणि काय झाले ते सगळे ऐकून घ्यावे. ज्याला घरी सांगता येते, त्याला मंडळातही सांगता येते.